मुकादमाला हात लावायचा नाही

मास्तरांना कुत्र्यांचा राग नव्हता. कुत्र्यांशी त्यांचं काही देणंघेणंच नव्हतं. त्यांचा धंदा गाडी शिकवण्याचा. म्हणजे दिवसभर शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचं, आपल्या बाजूच्या जादा ब्रेकवर पाय ठेवायचा आणि जीव मुठीत धरून गोड आवाजात म्हणायचं, "हरकत नाही, होतं असं, आता क्लच सोडा." दिवसभर गोड बोलून बोलून संध्याकाळी घरी येईपर्यंत त्यांच्या तोंडातला गोडवा पार संपलेला असे. मग त्यांना खिडकीशेजारची खुर्ची, कालचं राहिलेलं वर्तमानपत्र आणि थोडी शांतता एवढंच हवं असायचं.

सासरे गेले, सासूबाईंना जिने चढवेनात, आणि एके दिवशी त्या लेकीकडे राहायला आल्या. सोबत एक ट्रंक, दोन कुंड्या आणि मुकादम. मास्तरांची शांतता त्या दिवशी संपली.

मुकादम म्हणजे सासूबाईंचा कुत्रा. तपकिरी, लांब कानांचा, थोराड. पिल्लू असताना घराच्या कुंपणाचं काम चालू होतं, तेव्हा तो रोज विटांच्या ढिगावर बसून गवंड्यांकडे डोळे बारीक करून बघत राहायचा. कोणी विडी ओढायला बसला की भुंकायचा. म्हणून सासऱ्यांनी नाव ठेवलं मुकादम. आता त्याचं तोंड पांढरं झालं होतं, मागचे पाय बारीक झाले होते, आणि मुकादमकी फक्त नावात उरली होती.

सासूबाईंचं प्रेम हातातून वाहायचं. शेजारणीशी बोलताना तिचा दंड धरून बोलतील. पोस्टमन पत्र द्यायला आला तर त्याच्या पाठीवरून हात फिरवतील. जावयाच्या खांद्यावर त्यांनी सुरुवातीला दोनदा थाप मारून पाहिली. मास्तर लाकडासारखे ताठ झाले, तेव्हा त्यांनी नाद सोडला. मग राहिला मुकादम. जाता-येता त्याला कवळायचं, कान चोळायचे, पाठीवर थापट्या मारायच्या, पोटाखाली हात घालून उचलल्यासारखं करायचं. "माझं सोनं गं ते! माझा म्हातारा गं तो!" इतकी वर्षं हे असंच चाललं होतं, आणि मुकादमालाही ते आवडायचं.

मग एका दुपारी तो भिंतीकडे तोंड करून झोपला होता. सासूबाई मागून गेल्या, वाकल्या आणि त्याच्या कमरेवर हात ठेवला. मुकादम गुरगुरला.

सासूबाई आधी हसल्या. "स्वप्न पडलं वाटतं." दुसऱ्यांदा गुरगुरला तेव्हा हसल्या नाहीत. तिसऱ्यांदा त्यांनी वर्तमानपत्राची गुंडाळी केली (मास्तरांनी अजून वाचलेलं नव्हतं ते) आणि त्याच्या नाकावर हाणली. "मालकिणीवर गुरगुरतोस? एवढासा होतास तेव्हापासून भरवलाय तुला!"

मुकादम उठला. उठताना पुढचे पाय आधी टेकवले, मग मागचं धूड कसंबसं ओढून घेतलं, गुळगुळीत फरशीवर एकदा घसरला, आणि जाऊन मास्तरांच्या खुर्चीशेजारी बसला. मास्तरांनी पाय थोडे आत घेतले. पेपर सरळ केला. बस्स.

तिथपासून ती त्याची जागाच झाली. मास्तर घरी आले की मुकादम त्यांच्या खुर्चीशी. मास्तर बाहेर गेले की मोकळ्या खुर्चीशी. घरातल्या बायकांना हे फार लागलं.

"तुम्ही त्याला चोरून काय खायला घालता?" बायकोनं विचारलं. ती एका कापडाच्या दुकानात काउंटरवर होती. गिऱ्हाईक खोटं बोलतंय की खरं, हे तिला दिवसभर ओळखावं लागायचं. ती सवय घरातही चालू असे.

"मी? मी त्याच्याकडे बघतसुद्धा नाही."

"मग तो तुमच्याकडेच का येतो?"

"मला काय माहीत! विचार त्याला."

सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "ज्यानं जीव लावला त्याच्यावर दात, आणि ज्यानं ढुंकून पाहिलं नाही त्याच्या पायाशी. जगाची रीतच आहे ही." हे कुत्र्याला उद्देशून होतं की जावयाला, ते कळायला मार्ग नव्हता.

यात मास्तरांचा तोटा असा झाला, की मुकादमाची सगळी कामं त्यांच्या गळ्यात पडली. पट्टा बांधायला सासूबाई वाकल्या की तो अंग चोरायचा. बायकोनं पाय पुसायला घेतले की दात दाखवायचा. मास्तर मात्र पट्ट्याचा फास उघडा धरून नुसते उभे राहायचे, आणि मुकादम आपलं डोकं आपणच त्यात घालायचा. पाय पुसायला त्यांनी दारात एक जाड पायपुसणं टाकलं आणि त्याला त्यावरून चालू दिलं. ही काही हुशारी नव्हती. केसाळ जनावराला हात लावायची त्यांची तयारीच नव्हती. पण आता रोज सकाळी, संध्याकाळी फिरवायला जायचं तेच. शांतता तर गेलीच, वर हे शुक्लकाष्ठ.

पुढे मुकादम गुरगुरायचा बंद झाला.

"बघा, सुधारला," सासूबाई म्हणाल्या. "चार फटके बसले की भले भले सुधारतात."

मास्तर पेपरच्या कडेवरून बघत होते. सासूबाई जवळ आल्या की मुकादम ओठ चाटायचा. मग तोंड वळवायचा. डोळ्यांचा पांढरा भाग दिसायला लागायचा आणि अंग असं ताठ व्हायचं, की श्वाससुद्धा थांबलाय असं वाटावं. हात निघाला की मग सैल पडायचा. मास्तरांना ते काही बरं वाटलं नाही. पण सांगणार कोणाला? सासूबाईंना कुत्र्याबद्दल सांगणं म्हणजे आपण होऊन आगीत हात घालणं. त्यांनी पान उलटलं.

आणि रविवारी मेहुणा आला.

मेहुणा म्हणजे सासूबाईंचा धाकटा लेक, बांधकामाच्या सामानाचा व्यापारी. आवाज असा, की फोनवर बोलला तर फोनची गरज नाही. तो आत आला, आईच्या गळ्यात पडला, बहिणीच्या डोक्यात टपली मारली, "काय भाऊजी, किती गाड्या ठोकल्या या आठवड्यात?" म्हणून स्वतःच हसला. मुकादम खुर्चीशी पाठमोरा उभा होता. मेहुण्यानं मागून येऊन त्याच्या कमरेवर दणदिशी थाप मारली. "काय रे म्हाताऱ्या!"

मुकादम गुरगुरला नाही. गर्रकन वळला आणि मनगट धरलं.

धरलं आणि सोडलंही लगेच, पण दात लागायचे ते लागले. मग जो गोंधळ माजला तो विचारू नका. मेहुणा ओरडतोय, बायको टॉवेल शोधतेय, सासूबाई रडतायत, आणि त्या नेमक्या कोणासाठी रडतायत ते कोणालाच समजत नाहीये. मुकादम टेबलाखाली जाऊन थरथरत बसला. मास्तरांनी मेहुण्याचा हात नळाखाली धरायला लावला आणि त्याला गाडीत घालून दवाखान्यात नेलं. तिथं जखम धुतली, इंजेक्शनं दिली. परतीच्या वाटेवर मेहुणा एकच वाक्य फिरवून फिरवून म्हणत होता, "पिसाळलंय ते, भाऊजी. झोपवून टाका. उद्या आईला चावलं तर जबाबदार कोण?"

घरी आल्यावर बायकोही हळू आवाजात तेच म्हणाली. "मला बोलवत नाही, पण आईची कातडी कागदासारखी झालीय. तिला चावला तर?"

"आधी डॉक्टरला दाखवू," मास्तर म्हणाले. त्यांना खरं तर एवढंच हवं होतं, की हा निर्णय दुसऱ्या कोणीतरी घ्यावा.

दुसऱ्या दिवशी शिकवण्या रद्द करून ते मुकादमाला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन निघाले. सासूबाई हट्टानं मागच्या सीटवर बसल्या आणि रस्ताभर मास्तरांना गाडी शिकवत राहिल्या. "हळू हो. सिग्नल आहे पुढे. तो बघा, तो सायकलवाला." मास्तरांनी दात आवळून धरले.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी मुकादमाला टेबलावर घ्यायला सांगितलंच नाही. त्या जमिनीवर बसल्या, दुसरीकडे बघत राहिल्या, आणि तो हुंगत आपण होऊन आला तेव्हा त्याच्या छातीला बोटं लावली. मान, खांदे, पुढचे पाय, सगळं झालं. बोटं कमरेजवळ गेली तशी त्याची कातडी शहारली. मान वळली. त्यांनी लगेच हात काढला. मग त्याला दालनातून चालवून बघितलं, मागे उभं राहून टाळी वाजवली. मुकादमाचा कान हललासुद्धा नाही.

एक्स-रे काढून झाल्यावर त्या म्हणाल्या, "कमरेचे मणके आणि मागचे सांधे झिजलेत. भरपूर दुखत असणार. कानानं कमी ऐकतो, डोळ्यांत मोतीबिंदू वाढतोय. आता तुम्हीच विचार करा. मागून कोण येतंय ते ऐकू येत नाही, नीट दिसत नाही, आणि नेमकं दुखतं तिथंच येऊन प्रत्येक जण थापटतो. आधी गुरगुरत होता का?"

"गुरगुरायचा," मास्तर म्हणाले. "मग सोडलं."

"सोडलं की सोडायला लावलं?"

सासूबाई भिंतीवरचा मांजरींचा तक्ता वाचू लागल्या.

"गुरगुरणं म्हणजे तो बोलतोय, 'नको' म्हणतोय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्यासाठी मार बसला, की तो 'नको' म्हणायचं सोडतो. दुखणं काही सुटत नाही. मग एक दिवस न सांगता चावतो." त्यांनी गोळ्या लिहून दिल्या, माणसांची वेदनाशामकं चुकूनही देऊ नका म्हणाल्या, घरात सतरंज्या टाका म्हणाल्या, आणि शेवटी, "पाठीला, कमरेला कोणी हात लावायचा नाही. झोपेत तर मुळीच नाही. तो आपण होऊन आला तर छातीला, गळ्याखाली थोडंसं खाजवायचं आणि थांबायचं. त्याला अजून हवं असेल तर तो सांगेल."

परत येताना सासूबाईंनी एकही सिग्नल दाखवला नाही. सिग्नलवर सिग्नल गेले. घर आलं तेव्हा मागून आवाज आला, "मी हातच लावायचा नाही. मग माझा जीव आहे त्याच्यावर, हे त्याला कळायचं कसं?"

 मास्तरांनी गाडी बंद केली.

डॉक्टरनं सांगितलं की सगळं सुरळीत होतं, असं ज्याला वाटतं त्यानं त्यानंतरचे दिवस त्या घरात काढायला हवे होते. गोळी भातात घातली तर मुकादम भात खायचा आणि गोळी स्वच्छ चाटून बाजूला ठेवायचा. सतरंज्या फरशीवरून सरकायच्या, त्यांना अडखळून बायको पडता पडता वाचली. गोळ्यांचा गुण दिसेना. आणि सासूबाईंचे हात! समोर असताना त्या हात पदरात गुंडाळून बसायच्या. मास्तर वळले, की गुरगुर ऐकू यायची.

"आई!" मास्तर म्हणायचे.

"एकच बोट लावलं हो. एकच."

"का पण?"

"माशी बसली होती."

त्यात वरच्या मजल्यावरची शेजारीण. "मला काही करत नाही तो, कुत्र्यांना मी लगेच कळते," असं म्हणत ती थेट मुकादमाच्या पाठीकडे झेपावली. मास्तर मधे आडवे झाले. शेजारणीला राग आला. सासूबाई तिला जिन्यापर्यंत सोडायला गेल्या आणि येता येता, सवयीनं, दारात पडलेल्या मुकादमाच्या कमरेवरून हात फिरवून आल्या.

मुकादमानं हवेत दात वाजवले. बोटं थोडक्यात वाचली.

तेव्हा मास्तरांचा तोल गेला. इतकी वर्षं भिंतीवर, खांबावर, एकदा तर चक्क भाजीच्या गाडीवर गाडी घालणाऱ्यांशी जे गोड बोलत आले होते, ते सासूबाईंवर ओरडले. "कितीदा सांगायचं? तुमच्या हातांना काही आवर आहे की नाही? त्याला दुखतं! तुम्हाला काय, कुरवाळलं की झालं तुमचं प्रेम! चावला की तोच जाणार, तुम्ही नाही!"

सासूबाईंचा चेहरा पडला. त्या उठल्या, खोलीत गेल्या आणि दार लोटून घेतलं. मुकादम मान वर करून त्या दाराकडे बघायला लागला.

बायको दुकानातून आल्यावर तिच्या कानावर हे गेलंच. तिनं चप्पलही काढली नाही. "आईशी असं बोलतात?"

"मग कसं बोलू? तूच म्हणालीस ना, तिला चावला तर? मी सांगून सांगून थकलो. फिरवायचा मी, गोळ्या द्यायच्या मी, पुसायचं मी, आणि वर वाईटही मीच!"

"ओरडू नका." ती खुर्चीच्या हातावर टेकली. आता चप्पल काढली. मग म्हणाली, "बाबांचे पाय ती रोज चेपायची. शेवटी तर दिवसभर त्यांचा हात धरूनच बसलेली असायची. ते गेल्यावर तिच्या हाताला दुसरं कोण राहिलं? मी सकाळी जाते ती अशी येते, मेल्यासारखी. तुम्ही तर काय, तुम्हीच. तिला हा एकच होता."

मास्तरांना वाटलं, हे आधी का नाही सांगितलंस? पण बायकोच्या तोंडावरून दिसत होतं, की तिलाही ते आत्ताच कळलं होतं.

"मग मी काय करू?" ते म्हणाले. आवाजात राग होताच, फक्त तो कोणावर आहे ते आता त्यांनाही सांगता आलं नसतं.

सकाळी त्यांनी सासूबाईंच्या दारावर टकटक केली. "आई, बाहेर या. तुम्हाला शिकवतो."

"मला काही शिकायचं नाही."

"माझ्याकडे गाडी शिकायला येणाऱ्या त्या बँकेतल्या बाईंपेक्षा तुम्ही वाईट नसाल. त्या अजून गाडी मागे घेताना डोळे मिटतात. या."

सासूबाई आल्या, गाल फुगवून. मुकादम सतरंजीवर जागा होता. मास्तर म्हणाले, "आधी समोर या. बाजूनं नाही, मागून नाही. त्याला दिसा. जमिनीवर पाय जरा आपटा, त्याला ते पायातून कळतं. हं. आता बसा लांबच. हात खाली, मांडीजवळ. आणि थांबा."

"किती वेळ?"

"तो येईपर्यंत."

"आणि नाही आला तर?"

"तर नाही आला."

"हे काय शिकवणं झालं!" असं म्हणताना त्यांचा हात पुढे सरकलाही.

"आई, हात! इंडिकेटर न देता वळलात!"

मुकादमानं दोघांकडे आळीपाळीनं बघितलं, कष्टानं उठला आणि दुसऱ्या खोलीत निघून गेला.

पहिला दिवस असा गेला. दुसऱ्या दिवशी तो जवळ येत असतानाच सासूबाईंना शिंक आली आणि सगळं ओम फस्. नंतर एकदा तो आला, सासूबाईंनी गळ्याखाली हात लावला आणि आनंदाच्या भरात तो सरळ पाठीवर नेला. मुकादम गुरगुरला. वर्तमानपत्र शेजारीच पडलं होतं. सासूबाईंनी त्याच्याकडे बघितलं, मग हात मागे घेतला आणि म्हणाल्या, "बरं बाबा. कळलं."

मास्तरांना शाबासकी द्यावीशी वाटली, पण त्यांची दुसरी शिकवणी होती आणि त्यांना उशीर झाला होता. त्या दिवशी त्या बँकेतल्या बाईंनी एक कुंपण पाडलं.

गोळ्यांचा गुण हळूहळू आला. मुकादम पायरी उतरताना आधीसारखा कुंथत नसे, फिरायला गेल्यावर एखाद्या खांबाशी रेंगाळायचाही. पण स्वभाव काही मऊ झाला नाही. पाठीला हात त्यानं नंतर कधीच कोणाला लावू दिला नाही. सासूबाईंकडे तो सकाळी यायचा, त्यांचं ऊन खायला बसणं झालं की. त्यांच्या गुडघ्यावर हनुवटी टेकवायचा. त्या गळ्याखाली दोन-तीनदा खाजवायच्या आणि थांबायच्या. हात मांडीखाली दाबून धरायच्या, म्हणजे हातांनी आगाऊपणा करू नये. कधी तो अजून जरा पुढे सरकायचा, कधी नाही. ज्या दिवशी नाही, त्या दिवशी सासूबाई दुपारपर्यंत फणकाऱ्यात असायच्या, आणि त्याचा प्रसाद मास्तरांना मिळायचा.

मेहुण्याला हे काही पटलं नाही. "दुखतं म्हणून चावायचं का? माझीही कंबर दुखते," असं तो फोनवर म्हणाला. सासूबाई म्हणाल्या, "मग ये, तुझ्या कमरेवर थाप मारून बघू," आणि फोन ठेवून दिला. तरी तो यायचा असला की मुकादमाला आतल्या खोलीत ठेवत. माणसाला बदलण्यापेक्षा दार लावणं सोपं, हे मास्तरांचं म्हणणं होतं आणि त्यावर घरात पहिल्यांदाच सगळ्यांचं एकमत झालं.

रिकाम्या हातांचं काय करायचं, हा प्रश्न होताच. संध्याकाळी बायको दुकानातून आली की सासूबाई तिला पुढ्यात बसवून तिचे केस विंचरू लागल्या. पन्नाशीची बाई, शाळेतल्या पोरीसारखी डोळे मिटून बसायची आणि हिशेबात फसवणाऱ्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी सांगायची. विंचरणं संपलं तरी उठायची नाही.

अशाच एका संध्याकाळी मुकादम आला, सासूबाईंच्या गुडघ्याला नाक लावून गेला. त्यांनी कंगवा खाली ठेवून त्याला गळ्याखाली खाजवलं आणि थांबल्या. तो क्षणभर उभा राहिला. मग वळला आणि स्वयंपाकघराच्या बरोब्बर दारात, सगळ्यांच्या वाटेत, आडवा पडला.

"वाटेतच पडायचं असतं याला," मास्तर कुरकुरले. स्वयंपाकघरातून निघालेल्या त्यांच्या हातात चहाचे तिन्ही कप होते. त्यांनी पाय आपटला. मुकादमानं एक डोळा उघडून त्यांच्याकडे बघितलं आणि पुन्हा मिटला. मग ते मागच्या दारानं बाहेर पडले, घराला वळसा घालून पुढच्या दारानं आत आले, आणि चहा तोवर कोमट झाला होता.